पाच चौकोनांचा पास

ठण्ण.

आमच्या स्टेशनात रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला होता. मागच्या स्टेशनातून गाडी सुटल्याचा निरोप आला की मास्तर त्यावर हातोडी हाणायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो आवाज ऐकला आणि मी धावत फलाटावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली पाऊण तासाने.

यवतमाळच्या छोट्या रेल्वेत किस्से साचले ते त्यामुळेच. घंटा झाली की गाडी निघाली म्हणायचे. ती यायची तेव्हा यायची. मधल्या वेळात माणसे बोलणार नाहीत तर काय करणार? आता आम्ही सगळे रिटायर झालो, तरी स्टेशनासमोरच्या टपरीवर बसतो. मी कमीच बोलतो. शाळा चौथीपर्यंत, नोकरी गँगमनची. रूळ बघत चालायचे, त्यात बोलणार कुणाशी? पण परदेशातल्या रेल्वे पासाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. "सांग ना बे, नामदेव," म्हणतात. मी सांगतो, ते हसतात. हसण्यासारखेच आहे. माझे मात्र कान गरम होतात.

* * *

गुलाब राठोड आमच्या गाडीचा ड्रायव्हर. कोळशाच्या इंजिनावर त्याची हयात गेली. पुढे डिझेल आले आणि त्याचे इंजिन भंगारात जायची पाळी आली. पण गाडीचे फोटो काढायला जे गोरे पाहुणे यायचे, त्यांच्यातल्या पीटर नावाच्या एकाने आपल्या जुनी इंजिने जपणाऱ्या मंडळातर्फे ते विकत घेतले आणि जहाजावर चढवून जर्मनीला नेले.

बऱ्याच वर्षांनी त्याचे पत्र आले. आमचे रिटायर स्टेशन मास्तर वानखेडे यांनी टपरीवर कुणी नसताना आम्हा दोघांना वाचून दाखवले. इंजिन दुरुस्त झाले आहे. तिथल्या एका लहान गावात छोट्या रुळावर रविवारी चालते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हंगाम बंद होतो. ज्याने ते आयुष्यभर चालवले त्याने यावे आणि त्या रविवारी ते चालवावे. सोबत रुळावरचा एक माणूस आणावा. विमानाचे तिकीट मंडळ देईल. तिथे हिंडायला रेल्वेचा पास लागेल, तो मात्र आपल्या देशातूनच काढून आणायचा.

गुलाबचा उजवा डोळा काचबिंदूने गेला होता. डावा वर्षभर टिकला तर टिकला, असे डॉक्टरने सांगितले होते. पत्र ऐकून त्याने मास्तरांना एवढेच विचारले, "आखरीचा रविवार कितवी तारखेले येते?"

* * *

पास काढायला आम्ही नागपूरला गेलो. काचेचे ऑफिस, थंड हवा, आणि नातीच्या वयाची एक पोरगी. तिने सांगितले की तुमच्या वयाला फर्स्ट क्लासचाच पास मिळतो. गुलाब माझ्याकडे बघू लागला. आम्ही फर्स्ट क्लासचे डबे धुतले होते, त्यात बसलो कधी नव्हतो. त्याने तिला विचारले की म्हाताऱ्यांसाठी थर्ड क्लास नाही काय. ती म्हणाली, काका, थर्ड क्लास आता कुठेच नाही.

मग तिने पास समजावून सांगितला. पासावर पाच चौकोन. एक चौकोन म्हणजे एक दिवस. त्या दिवशी कितीही गाड्या बदला, कितीही हिंडा. गाडीत बसायच्या आधी त्या दिवसाची तारीख चौकोनात आपल्या हाताने लिहायची. एकदा लिहिली की खोडायची नाही. खाडाखोड दिसली तर लबाडी धरतात. दोघांचे नाव एकाच पासावर घातले तर स्वस्त पडतो, पण मग दोघांनी प्रत्येक गाडीत सोबतच बसायचे. एकट्याला तो चालत नाही.

"नेहमी सोबत राहाल ना काका?" तिने विचारले.

गुलाब म्हणाला, "पोरी, आतापावतर मी इंजिनात होतो आन् हा रुळावर. हा बाजूले झाला म्हणूनच जिता राह्यला. आता बसतो सोबत."

* * *

गावात आम्ही खरे सांगितले नाही. त्या वर्षांत कापसाचे काय झाले होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. झाडावरची बोंडे काळी पडत होती, घरात आलेल्या कापसाला कुणी विचारत नव्हते, आणि आमच्या जिल्ह्याचे नाव पेपरात यायचे ते एकाच कारणाने. अशा वेळी इंजिन बघायला विलायतेला चाललो, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? माझ्या तीन एकरातली पहिली वेचणीही मी बायकोवर टाकून निघालो होतो. गुलाबचा डोळा दाखवायला नागपूरला जातो, तिथे मुक्काम पडेल, अशी आम्ही थाप मारली.

निघायच्या दिवशी शेजारची शांताबाई बस स्टॉपवर आली. तिचे अर्धे वावर त्या वर्षी पडीत होते. तिने पदराखालून नारळ काढला आणि गुलाबच्या डोळ्यावरून उतरवला. म्हणाली, "कळंबच्या चिंतामणीले नवस बोलली हाय मी. डोळा बरा झाला का पायी येतो म्हटलं."

परत आल्यावर मी कुणाला न सांगता कळंबला पायी गेलो आणि तिच्या नावाने नारळ फोडून आलो. 

* * *

पहिला चौकोन.

विमानातून उतरलो आणि गाडीत बसलो. गुलाबने आठवण केली, "नामा, तारीख लिही."

मी लिहिली नाही. आमच्या रेल्वेत नोकरांना पास मिळायचा, त्यावर ऑफिसातला बाबू लिहील तेवढेच. आपण पेन लावला की पास बाद. माझ्या गँगमधल्या किसनने एकदा पासावर पोराचे राहिलेले नाव स्वतः लिहिले, तर त्याला साहेबापुढे उभे केले होते. ते माझ्या डोक्यात पक्के बसले होते. मी गुलाबला सांगितले की ती पोरगी एजंटची आहे, रेल्वेची नाही. पासावर हाताने लिहायचे नसते. त्याला तर ते बारके चौकोन दिसतच नव्हते. त्याने माझ्यावर सोडले.

टीसी आला. पास बघितला, कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवले आणि काही बोलला. मी वानखेडे मास्तरांनी इंग्रजीत लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली. आम्ही दोघे रेल्वेचे रिटायर कर्मचारी आहोत, असे तीत होते. टीसीने ती वाचली. मग त्याने टाचा जुळवून आम्हाला सलाम केला.

आणि दंडाची पावती फाडली.

आजूबाजूचे लोक पेपरातून डोके वर काढून बघत होते. ज्या माणसाने आयुष्यात बिनतिकीट प्रवास केला नाही, तो फर्स्ट क्लासात दंड भरत होता. आमच्या दोघांच्या खिशातले जवळजवळ सगळे तिथेच गेले. चहापुरते उरले. पहिल्या चौकोनात तारीख त्या टीसीनेच माझा हात धरून लिहून घेतली, शाळेत मास्तर घेतात तशी.

मुक्काम आणि जेवण पीटरने ठिकठिकाणच्या आपल्या दोस्तांकडे ठरवले होते. दुपारी त्यातल्या एकाच्या घरी उतरलो. त्याला पावती दिसली. तो काही नोटा देऊ लागला. गुलाबने त्या दोन्ही हातांनी परत केल्या. मला म्हणाला, "इंजिन चालवाले बलावलं आपल्याले. भाडं मांगत गेलो तं मंग तमाशा पाहाले आलेला म्हातारा होऊन जाईन मी. पास हाय तोवर आपण रेल्वेचे मानसं."

त्या दिवसापासून मी शर्टाच्या खिशाला पेन लावू लागलो.

* * *

दुसरा चौकोन डोंगरातल्या गाडीत गेला. तारीख मी पहाटे उठल्या उठल्या लिहिली होती.

बाहेर बर्फाचे डोंगर होते म्हणतात. मी पाहिले नाहीत. कारण दारातून वर्दीवाला माणूस आत आला की मी उठून उभा राहायचो. साहेबाच्या डब्यात गँगमनने बसायचे नसते, ते अंगातच मुरलेले. टीसी आला, उठलो. चहाची ढकलगाडी घेऊन पोरगा आला, त्यालाही टोपी होती, उठलो. एकदा उठलो तर समोर उभ्या असलेल्या बाईला वाटले मी तिला जागा देतो आहे. ती हसून बसली. आता उठ म्हणायची भाषा मला येत नव्हती. दोन तास मी खांबाला धरून उभा होतो.

गुलाब मऊ खुर्चीत पाय पसरून बसला होता. म्हणाला, "फर्स्ट क्लासच्या पासावर उभ्यानं जाणारा तू पह्यलाच असशीन, नामा."

* * *

तिसऱ्या चौकोनाच्या दिवशी घरी सीतादही होते. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी वावराची पूजा करतात, दहीभात शिजवून नेतात आणि चार दिशांना शिंपडतात. बायकोने दिवस धरून ठेवला होता. दर वर्षी भात मी शिंपडतो.  गाडीत मी गुलाबला ते सांगितले.

पुढच्या स्टेशनात गाडी थोडी थांबणार होती. गुलाब चाचपडत उतरला आणि दुकानातून दह्याची वाटी घेऊन आला. चहाचे उरलेले पैसे त्यात गेले. भात नव्हता. माझ्या पिशवीतले मूठभर चुरमुरे त्यात कालवले. गाडी सुटली. शिंपडायला खिडकी बघतो, तर ती उघडायचीच नव्हती! एकच अखंड काच. बाहेर दोन्ही बाजूंना हिरवी वावरे धावत होती आणि माझ्या हातात दही.

शेवटी उतरायच्या स्टेशनात फलाटावर फुलांची एक मोठी चौकोनी कुंडी होती. मी इकडे तिकडे बघून तिच्या चारी कोपऱ्यांत दही घातले आणि हात जोडले. डोळे उघडले तर झाडूवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी. गुलाब तिला मराठीत समजावून सांगत होता, "बाई, कापसाच्या पराटीले नजर लागू नये म्हणून हाय हे."

तिने ऐकून घेतले. मग माझ्या हातातली रिकामी वाटी काढून घेतली आणि डब्यात टाकली.

त्या वर्षी तीन एकरात दीड क्विंटल निघाला.  कुंडीचे मी बायकोला अजून सांगितलेले नाही.

* * *

चौथ्या दिवशी मोठ्या जंक्शनात गाडी बदलायची होती. आम्ही फलाटाच्या टोकाला उभे होतो. एक गाडी गेली आणि रुळातून खट् असा आवाज आला. जन्मभर मी तोच, तडा गेलेल्या रुळाचा आवाज शोधत चाललो होतो. तिथले रूळ बिनजोडाचे, त्यातून आवाज यायलाच नको. मी पिशवी गुलाबजवळ ठेवली, उतारावरून खाली गेलो आणि बसून रुळाला कान लावला.

भोंगा वाजू लागला. तीन वर्दीवाले धावत आले. एकाने माझे बखोट धरले. मी मास्तरांची चिठ्ठी काढली. त्यांनी ती आळीपाळीने वाचली, एकमेकांकडे बघितले आणि मला दोन्ही बाजूंनी धरून वर आणले. सगळा फलाट बघत होता. माझ्यामुळे दोन गाड्या सिग्नलला थांबल्या होत्या. ज्या नोकरीत एक गाडी थांबवली तर जबाब द्यावा लागतो, त्या नोकरीतला मी माणूस.

आवाजाचे काय होते ते कळले नाही. बहुतेक काहीच नसावे.

 गाडीत बसल्यावर गुलाबने हात पुढे केला. मी पास दिला. त्याने तो डाव्या डोळ्याला भिडवला आणि बोटाने चौकोन मोजले. "चार झाले, नामा. पाचवा माझा हाय. आता काही करू नको. निस्ता बस."

मी म्हटले, "नाही करत."

* * *

टपरीवर मी इथेच थांबतो. लोक रुळाला कान लावल्यावर पोटभर हसतात आणि चहा येतो. पुढचे मी त्यांना सांगितलेले नाही.

शनिवार होता. आम्ही एका लहान गावी एका म्हाताऱ्या गार्डाच्या घरी उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने इंजिनाच्या गावी जायचे, दुपारी गुलाबने ते चालवायचे, मंगळवारी मंडळाचे लोक विमानावर पोचवणार. गुलाबने खाकी ड्रेस त्या घरच्या बाईकडून इस्त्री करून घेतला होता. दुपारी करमेना म्हणून आम्ही चालत स्टेशनवर जाऊन बसलो. रेल्वेच्या माणसाला दुसरे कुठे करमते?

बाकावर आमच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. गाडी आली, ती काठी टेकत चढली. तिची विणकामाची पिशवी बाकावरच राहिली. मी ती उचलली आणि तिच्या मागे डब्यात चढलो. आमच्या गाडीत असे रोज व्हायचे. कुणाचा डबा राहिला, पोरगे राहिले, तर चढून द्यायचे आणि उतरायचे. गाडी हलली तरी उतरता यायचे. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि वळलो. दार आपोआप बंद झाले होते.

काचेपलीकडे गुलाब उभा होता. तो काचेवर हात मारत होता आणि गाडीसोबत चालत होता. मग दिसेनासा झाला.

ती जलद गाडी होती, सव्वा तास कुठेच थांबली नाही. म्हातारीने मला शेजारी बसवले. डब्याच्या त्या टोकाला टीसी दिसला. एकेकाचे तिकीट बघत तो आमच्याकडे येत होता.

माझ्या खिशात दोघांचा पास होता आणि मी एकटा होतो. पुन्हा दंड, पुन्हा ते पेपरावरून बघणारे डोळे. दंड भरायला पैसे नव्हते. म्हणजे खाली उतरवतील, पोलिसांत देतील. बिनतिकीट पकडलेला रेल्वेचा माणूस.  निदान तारीख तरी असावी, असे वाटले. पाचवा चौकोन कुणाचा आहे ते मला ठाऊक होते. विसरलो होतो असे मी म्हणू शकत नाही. मी पास मांडीवर ठेवला, पेन काढला आणि त्या चौकोनात शनिवारची तारीख लिहिली. अक्षर चांगले आले.

टीसी आमच्यापाशी आला. मी उठून उभा राहिलो आणि पास पुढे केला. तेवढ्यात म्हातारी बोलू लागली. पिशवी दाखवली, दार दाखवले, माझ्या छातीला हात लावला. टीसी मोठ्याने हसला. त्याने माझा खांदा थोपटला, खाली बसायची खूण केली, आणि घड्याळावर बोट ठेवून परतीची गाडी किती वाजता आहे ते मला कागदावर लिहून दिले.

पासाकडे त्याने बघितलेही नाही.

परत यायला संध्याकाळ झाली. गुलाब जिथे होता तिथेच उभा होता. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत होता. मी हाक मारली तसा आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. "आला काय रे? मले वाटलं हरवला तू. काय सांगू मी वैनीले?"

मी त्याला सगळे सांगितले. लपवता आले असते, सकाळपर्यंत तरी. तारीख मीच लिहिली, कुणी मागितली नव्हती, हेही सांगितले.

त्याने हात सोडले आणि पास घेतला. दिव्याखाली जाऊन तो डाव्या डोळ्याजवळ धरला. पाचव्या चौकोनावरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. मी म्हणालो की पीटरला फोन करू. त्याने नाही म्हणून मान हलवली. मी म्हणालो की बिनतिकीट जाऊ, पकडले तर मी पुढे होतो. मी म्हणालो, "गुलाबभाऊ, काही तरी बोल. शिवी दे."

त्याने पासाची नीट घडी घातली आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली, पेनाच्या मागे. मग तो वळला. फलाटावरून बाहेर पडायला खाली उतरणारा जिना होता आणि पायऱ्या त्याला दिसत नसत. आतापर्यंत तो माझा खांदा धरून उतरायचा. त्याने भिंत चाचपली, कठडा धरला, आणि एक पाऊल पुढे टाकून पायरी शोधत शोधत एकटाच खाली उतरत गेला.